तुम्ही स्वतः काय घ्याल?

माझ्या भाचीइतकं दुकानदारांना पेचात टाकणारं गिऱ्हाईक बेंगळुरूने दुसरं पाहिलं नसेल. आणि तिला तीन आठवड्यांत चारचौघांसारखं करून परत पाठवण्याचं पाप माझं आहे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे तिच्या गमती सांगताना मी फार प्रेमळ मामा वाटण्याचा संभव आहे.

आमच्या अक्काची ही एकुलती एक मुलगी. जन्म आणि शिक्षण हॉलंडमधलं, वय एकोणीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. मराठी घरात बोलून टिकवलेलं, त्यामुळे रस्त्यात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही ती "तुम्ही जरा बाजूला व्हा" म्हणायची. 'तू' फक्त मला. तिची मोठी खोड म्हणजे, कुठेही गेली तरी फलक वाचायचा नाही, मांडलेला माल बघायचा नाही, थेट विकणाऱ्याला विचारायचं, "तुम्ही स्वतः काय घ्याल?" पहिल्याच सकाळी इंदिरानगरात आमच्या घराजवळच्या, उभ्याने खायच्या हॉटेलात तिने हे इंग्रजीत गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं. मागे ही रांग! तो बिचारा गोंधळून म्हणाला, "मी? मी घरून चित्रान्न आणतो, मेडम." ही म्हणाली, "मग तेच द्या." रांगेतून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, "स्वल्प बेगा, अम्मा!" म्हणजे जरा लवकर, बाई. मी हात जोडून तिला बाजूला ओढलं आणि इडली मागवली. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाने खरोखरच तिच्यासाठी वेगळा डबा आणला. लिंबाच्या वासाचा तो पिवळाजर्द भात ती उभ्याउभ्या डोळे मिटून खात होती, आणि मी खिशातली पोटाच्या गोळ्यांची पट्टी चाचपत शेजारी उभा होतो. भाजीवालीने तर सरळच सांगितलं की चांगली वांगी विकते, वाकडी उरतात ती घरी नेते. भाचीने वाकडी वांगी घेतली. ती बघून बायको मला म्हणाली, "विकत आणलीत, की त्यांना टाकायला जागा नव्हती?"

अक्कासाठी साडी घ्यायला आम्ही चिकपेठेत गेलो. पांढऱ्या गादीवर बसलेले विक्रेते काका निपाणीकडचे, साठीच्या घरातले, मराठी बोलणारे. त्यांनी भराभर वीसेक साड्या उलगडल्या. आपल्याकडे साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाने राजासारखं बसून नाकं मुरडायची असतात. ही मात्र गादीवर चढली आणि एकेक घडी घालायला लागली. "राहू दे की ताई, आमचं कामच हाय हे," ते म्हणत होते. पाच-सहा साड्या घडी करून झाल्यावर तिने तिचा प्रश्न विचारला, "तुम्ही काकूंसाठी यातली कुठली घ्याल?"

ते मागे टेकले. "तीस वर्षं झाली इथं बसून. हे कुणी इचारलं नव्हतं बघा." मग उठून खालच्या फळीतून त्यांनी एक सुती साडी काढली. कच्च्या कैरीचा हिरवा रंग, विटकरी काठ. "ही. धुवावी तशी मऊ होती. कपाटात पडून राहत नाही, अंगावर राहती." तिने दुसरी साडी बघितलीच नाही.

मला ती साडी घरात नेसण्याजोगी वाटली. अक्काला भाचीच्या हातून पहिली भेट जाणार आणि ती अशी? लोक भावालाच नावं ठेवतील. दोन दिवसांनी भाची माझ्या बायकोबरोबर बाहेर गेली असताना मी साडी घेऊन दुकानात गेलो आणि बदल्यात जांभळी रेशमी आणली. त्यांनी घडी तपासली. "पोरीला आवडली नाही होय?" मी म्हणालो, "नाही आवडली." घरी येऊन तिला सांगितलं, "दुकानातून फोन आला होता. त्या साडीत दोष निघाला, बदलून दिली." पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तयार माल तपासणं हीच माझी नोकरी, दोष हा शब्द माझ्या तोंडात तयारच असतो.

तिने रेशमावरून हात फिरवला. "म्हणजे देतानाच त्यांना दोष माहीत होता?"

"दुकानदार असतात तसे," मी म्हणालो.

त्यानंतर तिने तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. हॉटेलात म्हणायची, "मामा, तूच सांग काय मागवायचं." मला वाटलं, पोर शहाणी झाली. शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना देवनहळ्ळीच्या अलीकडे आम्ही शहाळ्यांच्या ढिगापाशी थांबलो. विकणाऱ्या बाईने आपण होऊन एक शहाळं पुढे केलं. भाचीने मान हलवली आणि मी शिकवल्याप्रमाणे बोटांनी ठोकून स्वतः एक निवडलं. त्यात चार घोट पाणी निघालं. तिने ते पिऊन ओठ पुसले.

मला ते बघवेना. तिथेच, उन्हात, मी सगळं सांगून टाकलं.

तिने रिकामं शहाळं खाली ठेवलं. "म्हणजे त्यांनी मला फसवलं नव्हतं?"

"नाही. मी फसवलं. सॉरी."

तिचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच डोळे भरले. "मला काय सांगतोस, मामा? त्यांना सांग ना."

दुसऱ्या दिवशी मी चिकपेठेत गेलो. ते एका लग्नघरच्या बायकांनी पसरून ठेवलेल्या साड्यांमध्ये बसले होते. मला बघून हसले. "आता रेशमी पण आवडली नाही होय?"

मी चपला काढून गादीच्या कडेला बसलो. बायका ऐकत होत्या, तरी बोललो. "अण्णा, तुमची साडी तिला फार आवडली होती. मलाच आवडली नाही. वर तुम्ही दोषाचा माल दिलात असं मी तिला सांगितलं. तिला आता खरं कळलंय. मी चुकलो. मला माफ करा."