ऑपरेशनचा थेंब

"डोळा दाखव," म्हणत आमचे शेजारी समोरच्याची हनुवटी धरून वर करायचे. तो "मला काही झालं नाही" म्हणेपर्यंत थेंब पडलेला असायचा. वर ठरलेलं वाक्य, "एक थेंब अन् काम खल्लास!"

येडशी स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून त्यांची नोकरी झाली. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. निवृत्तीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी सूज उतरायला स्टेरॉइडचे थेंब दिले. लाल डोळा पांढरा झालेला पाहून मामांना साक्षात्कार झाला. मोतीबिंदू गेला, चिठ्ठी राहिली. मेडिकलवाला त्या जुन्या चिठ्ठीवर बाटली देत राहिला आणि मामा गावाचे नेत्रतज्ज्ञ झाले.

मी धाराशिवला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. "मामा, हे कुणाच्याही डोळ्यात टाकू नका," म्हटलं, की ते माझी कीव करायचे.

"तू पगार घेतीस, आमी फुकट करताव. फरक हाय त्येच्यात."

एका सुगीत सोयाबीनच्या मळणीला मामींच्या डोळ्यात भुसकट गेलं. मामा खळ्यावरच होते आणि बाटली खिशात. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, तेव्हा मामींची गावातून मिरवणूक काढायचीच काय ती बाकी राहिली. पण आठवडा सरला नाही तोच बुबुळावर पांढरा ठिपका उठला. मामी ठणक्यानं भिंतीला डोकं टेकून बसायच्या आणि मामा आणखी एक थेंब टाकायचे. शेवटी मीच मामींना एसटीत बसवलं. मामा मागच्या सीटवर, तोंड फुगवून.

डॉक्टरांनी बुबुळ हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. "बुरशी आहे."

"बुरशी भाकरीला येती साहेब, डोळ्याला कशी यील?"

"भुसकटाबरोबर आली. तुमच्या थेंबानं लाली गेली, पण बुरशीला रान मोकळं झालं."

मामांनी खिशातली बाटली मुठीत झाकली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

ही बुरशी चिवट असते. तासातासाला औषध, तेही कित्येक आठवडे, आणि तरी डोळा राहील की जाईल हे डॉक्टरही सांगेनात. एका थेंबात काम खल्लास करणाऱ्याला ही शिक्षा चांगलीच शोभली. मामींनी मात्र त्यांना नव्या औषधाच्या बाटलीला शिवू दिलं नाही. थेंब सून घालायची, मामांकडे उरलं ते घड्याळ. ते ओट्यावरून ओरडायचे, "धाची गाडी आली गं!"

"तुमच्या गाड्या कधी येळेवर आल्या व्हत्या?" आतून मामी.

पण त्यांची ही गाडी एकदाही चुकली नाही. थेंब पडला की मामा दारात येऊन हळूच विचारायचे, "आता दिसतो का मी?"

"दिसता की, धुक्यात. ऱ्हाऊ द्या तसंच, लई बरं दिसता."

सून हसायची. मामा तोंड फिरवून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. तेव्हा मात्र मला त्यांचा राग धरवायचा नाही.

डोळा काढावा लागला नाही, एवढंच. त्या डोळ्याची नजर गेली आणि बुबुळावर पांढरं फूल कायमचं राहिलं. मामांनी जुनी बाटली उकिरड्यावर फेकली. गाव मात्र सुधारलं नाही. मामी समोर बसलेल्या असताना लोक विचारायचे, "मामा, थेंब हाय का?" मामा नुसते हात जोडायचे.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दिवसकार्य उरकलं आणि लगेच गल्लीतला एक जण लाल डोळा घेऊन आला.

"मामी, ती बाटली असंल की कुठंतरी. लई गुण व्हता हो मामाच्या हाताला."

मामी उठल्या. मामा धरायचे तशी त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं.

"बघ माझा डोळा. नीट बघ. ह्यो त्येंच्या हाताचा गुण. आता ऊठ, धाराशिवची गाडी धर."