लेफ्ट-हँड गाडी आणि माझा उजवा हात

महिना झाला आमच्या ह्यांना जाऊन. दुपारची कॉफी घेतली, "स्वल्प पडतो गं" म्हणाले, आणि पडले ते पडलेच... रडून झालं. आता गाडीची गोष्ट सांगते. भेटायला येणारा जो तो तीच विचारतो.

साठ सालाच्या आगेमागे सरकारी कारखान्यानं ह्यांना दोन वर्षं जर्मनीला धाडलं. येताना गृहस्थांनी काय आणावं? साडी नाही, घड्याळ नाही. एक जुनी, बुटकी गाडी! मद्रास बंदरातून मल्लेश्वरमला आमच्या घरी आली तेव्हा पाहते तर काय, स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे बसणार मी, म्हणजे वळताना हात दाखवायचं काम माझ्याकडे. हे "हात!" म्हणायचे, की मी बांगड्यांसकट हात बाहेर काढायची. चौकातला पोलीस मलाच ड्रायव्हर समजायचा. मीही ऐटीत बसायची, खोटं कशाला सांगू!

नोंदणीच्या हापिसातले साहेब मात्र अडून बसले. "चालवणार तुम्ही, हात दाखवणार बायको. उद्या त्या माहेरी गेल्या तर? यंत्राचा हात बसवा, नाहीतर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये." ह्यांचं तोंड एवढंसं झालं. जेवणात लक्ष लागेना. शेवटी पत्र्याचा तांबडा हात कापून माझ्या खिडकीशेजारी बसवला. ह्यांनी आतून दांडी ओढली की टुणकन बाहेर यायचा.

तपासणीला साहेब मागे बसले. मीही गेले, हट्टच माझा. पहिल्या वळणावर पत्र्याचा हात बाहेर आला आणि सवयीनं माझाही! "अम्मा, कै... हात आत घ्या!" साहेब म्हणाले. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. आता साहेब भडकले. "परीक्षा गाडीची आहे, तुमची नव्हे! पुन्हा हात आला तर नापास." हे घामाघूम. माझ्यापायी ह्यांची गाडी जाणार! तिसरं वळण दिसताच उजवा हात मांडीखाली घातला आणि चक्क त्याच्यावर बसले. वळलो. मागून आवाज आला, "सरी, पास."

साहेबांना सोडून परतताना हे दांडीला हात लावीनात. मी म्हटलं, "अहो, वळताय ना?"

"तो सरकारला दाखवायचा होता. तू काढ की तुझा."

अगं बाई, कित्ती लाजले मी!

परवा मुलाच्या गाडीतून हेब्बाळला निघाले. मी डावीकडे. वळणावर सवयीनं उजवा हात उठला तो थेट त्याच्या तोंडासमोर.

"आई, रस्ता दिसत नाहीये!"

"दिसेल रे," मी हसत म्हटलं, "तुझ्या बाबांना कधी अडचण झाली नाही."