ओलं वर ठेवावं

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत सुटलं ते सुटलंच. कोणी हे वाचलं तर चुका पोटात घालाव्या. चारचौघांत बोलायचं तर मला त्याहून जड जातं, म्हणूनच लिहिते आहे. हुसेनभाऊ गेल्याचं मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं. मी कणीक मळत होते. आधी नाव ऐकू आलं, मग "पिंजारी" हा शब्द, आणि मग जनाजा कधी निघणार ते. हात तसेच परातीत राहिले. माझ्याकडे त्यांच्यासाठी एक शब्द होता, तो द्यायचा राहून गेला होता...

आमची बौद्ध वस्ती आणि त्यांचा मोहल्ला, मध्ये फक्त एक नाली. नालीपलीकडे त्यांचं रजया-गाद्या भरायचं दुकान, मागेच घर. रुई पिंजायचं यंत्र दिवसभर असं घरघरायचं की त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. माझा आवाज मुळातच बारीक. मी काही बोलले की ते कानामागे हात धरत, "जोरात बोल वं बाई, तुझा आवाज रुईसारखा उडून जाते." त्यांची बायको जैतूनभाभी आतून हसायची.

एका हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायांनी माझ्या शब्दावर त्यांच्याकडे रजया भरायला टाकल्या. पैसे माझ्याच हातून गेले. थंडी अर्धी सरली नाही तोच रजयांत गोळे झाले. शेजारच्या कमलाबाईनं एक उसवली. वरून पांढरी रुई, आत फाटक्या गाद्यांची काळी रुई पिंजून घातलेली. बाया माझ्या दारात आल्या. कमलाबाई म्हणाली, "तुले किती भेटले वं यातले, सुमन?" मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणून त्यांना ते खरंच वाटलं. मी कानातले विकून सगळ्यांचे पैसे परत केले. घरी माझ्या मालकांनी, नवऱ्यानं, एका शब्दानं विचारलं नाही, त्याचं जास्त लागलं.

कानाची भोकं बुजू नयेत म्हणून मी कडुलिंबाच्या काड्या घातल्या होत्या. हुसेनभाऊंनी त्या नालीच्या पुलावर पाहिल्या. "कानात काड्या काहून वं?" मी खाली पाहिलं. मागून कमलाबाईच बोलली, "तुमच्या काळ्या रुईपायी, दुसरं काय?" ते तसेच मागे फिरले. यंत्र त्या दिवशी दुपारीच बंद झालं.

त्यानंतरच्या रविवारी बुद्धवंदना संपवून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तर ते खाली उभे. टोपी हातात. म्हणाले, "या बाईची काही चूक नाही. तिले मालूमच नव्हतं. काळी रुई मी भरली. घरात बिमारी होती असं सांगू शकतो, पण ते खोटं होईल. मले हाव सुटली." मग कमलाबाईनं विचारलं, "आन् आता काय, सोनं भरून देता?" ते म्हणाले, "नाही. रुईच भरीन. पण तू हात घालून पाहशील."

तेव्हापासून त्यांनी रजईचा एक कोपरा उघडा ठेवायची रीत धरली. गिऱ्हाइकानं आत हात घालायचा, रुई ओढून पाहायची, मगच तो कोपरा शिवायचा. कोणाला स्वस्तात जुनी रुई हवी असली तर तीच ते मूठभर वर ठेवून दाखवत. मी एकदा विचारलं, हे कुठून सुचलं? त्यांनी सांगितलं, त्यांचे पैगंबर बाजारातून जात होते, त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओलं लागलं. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. ते म्हणाले, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. "लहानपणापासून ऐकत होतो वं बाई," हुसेनभाऊ म्हणाले, "पण रुई भरताना आठवलंच नाही."

भरवसा काही लगेच आला नाही. काही बाया लकडगंजाच्या बाजारात जाऊन रजया घेत राहिल्या. मग एक आली, मग दुसरी. कमलाबाई शेवटी आली, कोपरापर्यंत हात घालून म्हणाली, "जावयालेही असंच उघडून पाहता आलं असतं तर!" त्या दिवशी हुसेनभाऊ किती दिवसांनी हसले.

माझ्या कानातल्यांचे पैसे मात्र ते थोडे थोडे आणून देत राहिले. मी नको म्हणायची. ते ऐकत नसत. म्हणायचे, "अल्लाचं जे आहे ते अल्ला पाहून घेईल. पण माणसाचं बुडवलं तर त्या माणसानंच माफ करावं लागते. ते तुझ्या तोंडून पाहिजे मले." शेवटच्या वेळी ते आले तेव्हा आमच्या पायरीवर बसून खोकत होते, रुईनं छाती भरली होती. मी म्हणाले, भाऊ, मी तर कधीच... त्यांनी हात वर केला. "थांब. पुरं होऊ दे. आधी म्हटलं तर मी ढिला पडीन." थोडेच राहिले होते... मी थांबले.

मग खोकला वाढून त्यांना दवाखान्यात ठेवलं, तिथं मला आत सोडलं नाही. भाभी बाहेर येऊन म्हणाली, त्यांना काही सांगू का? दुसऱ्याच्या हाती कसा पाठवायचा तो शब्द? आणि पाठवला असता तरी ते म्हणाले असते, पुरं कुठे झालं. मी मानेनंच नको म्हणून परत आले. काय करायला पाहिजे होतं, मला अजून कळत नाही.

जनाजा उचलायच्या आधी त्यांच्या रीतीप्रमाणे भावानं सगळ्यांना विचारलं, "यांच्याकडं कोणाचं काही निघते का?" मी बायांत मागे उभी होते. हो म्हणावं तर मेलेल्या माणसाच्या दारात पैसे मागितल्यासारखं, नाही म्हणावं तर त्यांच्यापुढे खोटं. आतून भाभीचाच आवाज आला, "सुमनबाईचं बाकी आहे."

भाभी इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर पाळायचे ते दिवस, घराबाहेर पडत नाही. काल तिनं मला बोलावून घेतलं. यंत्रावर चादर टाकलेली. तिनं माझ्या हातात नोटा ठेवल्या. "त्यायनं भरलेल्या शेवटच्या गादीचे आहेत. मोजून घे." मी मोजले, नाहीतर त्यांना आवडलं नसतं. भाभीनं विचारलं, "झालं पुरं?" मी म्हणाले, झालं. मग मी तो शब्द म्हणाले. माफ केलं.

भाभी यंत्राकडे पाहत होती.

"जोरात म्हण वं बाई," ती म्हणाली, "त्यायले कमी ऐकू येते."

मी जोरात म्हणाले, जितकं मला येतं तितकं. घरात यंत्राची घरघर नव्हती, तरी माझाच आवाज मला नीट ऐकू आला नाही... पैसे पूर्ण फिटले.