जळीत उसाची फिर्याद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की केस सुटल्याच्या समाधानाआधी स्वतःचाच राग येतो.

मालिकांमधली एक नामवंत नटी पाणी वाचवण्याच्या मोहिमेवर आमच्या भागात आली होती. शेळगावच्या एका बागाईतदाराकडे ती उतरली आणि त्याच्याच अंगणातून कॅमेऱ्यापुढे म्हणाली, ऊस लावणारे पाणीचोर आहेत. लोक खवळले. बाई मुंबईला गेल्या, निस्तरायला आम्ही पोलीस होतोच. बारामतीच्या मोर्चात सांगवीच्या एका पन्नाशीच्या शेतकरणीने माइक घेतला आणि सांगितलं, "जिनं आमाला चोर म्हटलं, तिला घरात घेणाऱ्याच्या उसाला काडी लावा." ही क्लिप घरोघर पोचली.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी त्या बागाईतदाराचा ऊस जळाला. फिर्यादीत त्याने थेट त्या शेतकरणीचं नाव घातलं. खबऱ्याचाही फोन आला, की ती त्या दुपारी शेळगावात दिसली होती. तिची लेक तिथेच दिलेली, तिला भेटायला ती गेली होती. पण हे ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ठाण्यात आणून बाकावर बसवलं. अटक कधी करता, असे पुढाऱ्यांचे फोन सुरू झाले. अटक झाली असती तर लेकीचं सासरी जगणं कठीण झालं असतं. बाई ते जाणून होती.

पंचनामा स्वतः करायचा ही माझी जुनी खोड. दुपारी जळीत रानात फिरलो. उसाला ठिबक होतं. एवढ्या आगीत त्याच्या नळ्या वितळून मातीला चिकटायला हव्या होत्या. इथे एक तुकडा नाही! नळ्या शेडमध्ये नीट गुंडाळून ठेवलेल्या. आग पलीकडे जाऊ नये म्हणून शेजाऱ्याच्या बांधालगतचं वाळकं पाचटही आधीच ओढून घेतलेलं. सूड घेणारा माणूस असली उस्तवार करत नाही.

बागाईतदार म्हणाला, तोडणी येणार म्हणून नळ्या काढल्या. कारखान्यात विचारलं, तर त्याची पाळी महिनाभर लांब होती. त्याला समोर बसवून एवढंच सांगितलं. तेव्हा तो बोलला.

"ऊस वाळून चालला व्हता सायेब, तोडणीची टोळी येत न्हवती. जळीत ऊस कारखाना आधी उचलतो. आन् त्या बाईचं नाव आयतंच झालं व्हतं."

पत्रकारांना बोलावून ठाण्याच्या पायरीवर मी बाई निर्दोष असल्याचं जाहीर केलं. चढ्या आवाजात धमकी देणारा सहसा काडी ओढत नाही, हे मला नोकरीने शिकवलंच होतं. मी खुशीत होतो. नळ्यांवरून कसं ओळखलं, तेही बाईला सांगितलं.

तिने पदर सावरला. "नळ्या वितळल्यात का ते बघा म्हणून मी सकाळीच तुमच्या हवालदाराला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "त्यानं लिवून घेतलं न्हाय."

मी स्टेशन डायरी उघडली. तिने मोर्चात काय म्हटलं ते शब्दन् शब्द लिहिलेलं होतं. ठाण्यात काय सांगितलं, त्याची एक ओळही नव्हती.