मोटारीवरचा खडूचा आकडा

वॉर्निशचा वास आला की मला केजमधलं मोटार वाइंडिंगचं दुकान आठवतं. मी बारावीत असताना आमच्या विहिरीवरची मोटार जळाली आणि वडिलांसोबत मी ती जीपमधून तिथे नेली. तिथला मिस्त्री आल्या क्रमाने काम करत नसे. पीक पाण्याविना किती दिवस तगेल ते विचारून तो आकडा खडूने मोटारीवर लिहायचा आणि लहान आकड्याची मोटार आधी उघडायचा. "सगळ्यांचं आजच मरतंय का बे?" तो वैतागून म्हणाला, कारण जो तो 'आजच' सांगत होता. वडील म्हणाले, "ज्वारी हाय, चार दिवस दम धरंल." मी कुजबुजलो, "आबा, एकच दिवस सांगायचा ना!" "अन् मागं उभ्या त्या मिरचीवाल्याची रोपं जळू द्यायची व्हय?" मोटार पाचव्या दिवशी मिळाली, तोवर टोकाच्या दोन वाफ्यांनी माना टाकल्या होत्या. उरलेल्या ज्वारीवर माझं शिक्षण झालं. आता कंपनीत कोणतं काम किती दिवस थांबलं तरी चालेल, यावर क्रम ठरतो आणि प्रत्येक जण 'आजच' लिहितो. परवा थकून मीही तेच लिहायला गेलो, पण हात थांबला. माझं काम पुन्हा मागे पडणार हे ठाऊक असूनही मी लिहिलं, चार दिवस.