कंट्रोलरसाहेबांचा फाटा

कंट्रोलर कुठल्याच गाडीत आधी बसत नसत. गाडी कुणाचीही असो, ते तिच्याभोवती एक फेरी मारणार, प्रत्येक चाकाला बुटाचं टोक मारून बघणार, मागचं दार ओढून बघणार, आणि सगळी माणसं आत गेल्याची खात्री झाली की शेवटी स्वतः चढून पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारणार. या थापा म्हणजे गाडी सोडायची परवानगी. ऑस्ट्रेलियातला आमचा ड्रायव्हर-कम-गाइड केविन पहिल्याच सकाळी त्या थापा ऐकून दचकला आणि काहीतरी आदळलं असं समजून गाडी उभी करून खाली उतरला. कंट्रोलर माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, ह्यानं गाडी का उभी केली? मी तर डबल दिली." त्या क्षणापासून माझं डोकं जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. मी तेव्हा सांगलीतल्या एका छोट्या टूर कंपनीत नोकरी करत होते. आमची धाव एरवी कन्याकुमारीपर्यंत. पण तासगावकडच्या काही द्राक्ष बागायतदारांना ऑस्ट्रेलियातल्या बागा बघायची हुक्की आली, आणि आमच्या मालकांनी बागांच्या जोडीला तिथलं वाळवंटही त्यांच्या गळ्यात मारलं. मेलबर्नहून निघायचं, मिल्ड्युराच्या बागा बघायच्या, तिथून अॅडलेड, आणि मग सरळ उत्तरेला, लाल मातीच्या ओसाड मुलखातून पार देशाच्या मध्यापर्यंत. डझनभर माणसांची लहान गाडी, मागे सामानाचा ट्रेलर, आणि इंग्रजी येतं म्हणून मी. एप्रिलची छाटणी उरकून सगळे मे महिन्यात मोकळे झाले होते. कंट्रोलर तेवढे या सगळ्यात उपरे. कराडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून एसटीच्या गाड्या सोडण्यात त्यांची उभी हयात गेलेली, आणि त्यांच्या दारात द्राक्षाचा एक वेलसुद्धा नव्हता.

ते ऑफिसात आले तेव्हा त्यांनी ना हॉटेलं विचारली, ना जेवण. नकाशा मागितला, चष्मा लावला, आणि अॅडलेडहून वर जाणाऱ्या हायवेवर बोट ठेवलं. "गाडी ह्याच रस्त्यानं जानार?" मी हो म्हटलं. "मग हितं एक फाटा हाय. आत तांब्याची खाण हाय, तिथं माझा पोरगा विंजनेर हाय. फोनवर सांगितलंय त्याला, फाट्यावर थांब म्हणून. बघतो म्हनलाय. यील का न्हाई, ते काय सांगता येत न्हाई." हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं, पाटण गाडी कितीला सुटते ते सांगावं तसं.

पुढचं मी विचारल्यावर सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. एकुलता एक संजय ऑस्ट्रेलियात. त्याने फोन करून विनवलं, मी मिळेल त्या विमानाने निघतो, आईला ठेवा. भावकीनेही सांगितलं, बर्फ आणू, दोन दिवस थांबू. पण कंट्रोलरांनी जन्मात कुणासाठी गाडी थांबवली नव्हती. "एकासाठी सगळ्यांचा खोळंबा नको," असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी बायकोला संगमावर नेलं. संजय पोचला तेव्हा अस्थीसुद्धा नदीत गेल्या होत्या. दिवसकार्य होईपर्यंत तो घरात राहिला, बापाशी एक शब्द बोलला नाही, आणि परत गेला तो गेलाच. आता कंट्रोलरांना त्याला एकदा बघायचं होतं. मी त्यांचं नाव लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, बिचारा म्हातारा, कुणाला त्रास देणार आहे.

त्रास त्यांनी सगळ्यांना दिला. मिल्ड्युराच्या हॉटेलात उजाडायच्या सुमाराला खोल्यांसमोरच्या बोळातून आवाज घुमला, "मिल्ड्युरा-अॅडलेड गाडी सुटण्याच्या तयारीत हाय. प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे." तोंडाभोवती दोन्ही हात धरून कंट्रोलर घोषणा करत होते. आमच्या लोकांच्या आधी दुसऱ्यांचीच दारं उघडली. एक गोरी आजी गाऊनमध्ये बाहेर आली आणि आग लागली आहे का, असं मला विचारू लागली. मी तिची माफी मागितली, मॅनेजरची मागितली, आणि कंट्रोलरांना म्हटलं, "साहेब, हे स्टँड नाही." ते म्हणाले, "म्हणून तर वराडावं लागतंय. स्टँडात माईक हुता."

त्यांचा खरा राग तासगावच्या शेवंताकाकूंवर. काकूंच्या घरची द्राक्षबाग मोठी, अंग त्याहून मोठं, आणि घाई हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. मिल्ड्युरा सोडून पुढच्या राज्याच्या हद्दीवर आलो तर तिथे फळं तपासायचा नाका. बाहेरचं फळ आत न्यायचं नाही, पिकाला कीड लागते, इथल्या पिंपात टाका. बागायतदारांना हे पटलं, त्यांनी मानाही डोलावल्या. पण पिकलेलं फळ पिंपात टाकायला एकाचाही हात होईना. काकूंनी कडेला बसकण मारली, पिशवीतली संत्री काढली आणि सोलायला सुरुवात केली. बघता बघता सगळी तासगावकर मंडळी गोल करून बसली. नाक्यावरच्या माणसालाही त्यांनी चार फोडी दिल्या आणि त्याने खाल्ल्या.

कंट्रोलर गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांचा संयम सुटला. "आवं काकू, संत्री खायाला एवढ्या लांब आलाय व्हय? गाडी लेट चाललीया." काकू शांतपणे म्हणाल्या, "जाईल की गाडी. गाडीचं कामच हाय जायाचं." मी दोघांच्या मध्ये उभी. कंट्रोलरांची घालमेल कशापायी आहे ते मला ठाऊक होतं, पण फाटा अजून दोन दिवसांवर होता, आणि दोन दिवस आधीपासून माणसांना मेंढरांसारखं हाकण्यात काय अर्थ, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्याच नाक्यावर घड्याळाचं भांडण झालं. हद्द ओलांडली की तिथे वेळ अर्ध्या तासाने मागे जाते. केविनने सांगितलं, आम्ही सगळ्यांनी काटे मागे घेतले. कंट्रोलर ऐकेनात. विमानातून उतरल्यावर त्यांनी घड्याळ बदललं होतं, कारण समुद्र ओलांडला होता. "रस्त्यानं जाताना कुठं घड्याळ बदलत न्हाई, म्याडम. कराडहून बेळगावला गाडी गेली म्हणून कंडक्टर काटा फिरवतो का?" मी नकाशा दाखवला, केविनने आपलं मनगट पुढे केलं. उपयोग शून्य. तिथून पुढे आमच्या गाडीत दोन वेळा चालू झाल्या. हॉटेलात नाश्त्याची वेळ व्हायच्या आधी अर्धा तास कंट्रोलर बंद दारासमोर उभे असत, आणि स्वयंपाकी उशिरा आला म्हणून माझ्याकडे तक्रार करत.

अॅडलेड मागे पडलं आणि लाल मुलूख सुरू झाला. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही, मधून रेघ मारल्यासारखा रस्ता. बागायतदार काचेतून बघत राहिले. आमच्यातल्या एकाची सासुरवाडी जतची, तो म्हणाला, "जत बरं म्हणायचं गड्या. निदान टँकर तरी येतो." कंट्रोलर मात्र केविनच्या शेजारी बसून रस्त्याचा हिशेब मांडत होते. तासन्तास एक माणूस हात करत नाही हे त्यांना सहन होत नव्हतं. "एवढा चांगला रस्ता, आणि सवारी न्हाई. ह्यो रूट सुरू केला कुणी?" मी हे केविनला इंग्रजीत सांगावं असा त्यांचा आग्रह. मी सांगितलं. केविनने बराच विचार करून उत्तर दिलं की आधी उंटवाले होते, ते बहुतेक हिंदुस्थानाकडूनच आले होते. कंट्रोलर म्हणाले, "तरीच."

आणि मग फाटा आला. आपल्याकडे पाहुण्याला पत्ता सांगायची पद्धतच नाही. 'फाट्यावर उतरा' एवढंच सांगतात, पुढचं फाटाच बघून घेतो. तिथे वडाचं झाड असतं, चहाची टपरी असते, वडापची जीप माणसं भरत उभी असते, आणि आपल्याला न्यायला आलेला कुणीतरी सायकलवरून एक पाय जमिनीला टेकून वाट बघत असतो. कंट्रोलरांनी मुलाला 'फाट्यावर थांब' म्हटलं ते या हिशेबाने. इथे हायवेपासून एक लाल कच्चा रस्ता फुटून आभाळापर्यंत गेला होता. शेजारी एक पाटी, आणि गुडघ्याएवढी राखाडी झुडपं. सावली नाही, माणूस नाही, संजय नाही.

कंट्रोलर उतरले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. साडेबारा. त्यांनी मुलाला बारा सांगितले होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "गेला आसंल येऊन," ते म्हणाले. "न्हाईतर आलाच नसंल." मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "साहेब, इथे आत्ता कुठे बारा वाजताहेत. तुमचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे, कधीचं सांगतेय." मला वाटलं, आता पुन्हा बेळगावची गाडी निघणार. पण त्यांनी मुकाट्याने मनगट माझ्यापुढे धरलं. "लावा तुमीच. मला दिसंना झालंय." मी त्यांचे काटे मागे घेतले. तेवढा अर्धा तास हाताशी आल्यावर ते जरा सावरले.

तो अर्धा तासही सरला. वारा सुटला होता, मे महिन्यातसुद्धा तिथे थंडी वाजत होती. केविन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की अजून चार तासांचा रस्ता आहे, अंधार पडला की कांगारू रस्त्यावर येतात, फार तर एकपर्यंत थांबता येईल. मी कंट्रोलरांना ते सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी गाडीकडे बघितलं. आत ज्यांना ज्यांना त्यांनी गेला आठवडाभर वेळेवरून बोल लावला होता ते सगळे काचेतून त्यांच्याकडेच बघत होते. कंट्रोलर दारापाशी गेले. "मंडळी," ते म्हणाले, "माझ्या पोरासाठी जरा थांबता का?"

मला धास्ती होती ती काकूंची. मी त्यांच्या जागी असते तर सगळी उसनवारी तिथल्या तिथे फेडली असती. काकू उठल्या, जडशीळ पावलांनी खाली उतरल्या, ट्रेलरमधून आपली पिशवी काढायला लावली आणि चिवड्याचा डबा उघडून रस्त्याच्या कडेला मातीत बसल्या. "थांबू की," त्या म्हणाल्या. "घाई कुणाला हाय?" बाकीचेही एकेक करून उतरले. केविनने गॅसवर चहा ठेवला. मी त्याला म्हटलं, थोडा उशीर होईल. त्याने खांदे उडवले आणि चिवडा घेतला.

एक वाजून गेला. केविनने घड्याळ बघणं सोडून दिलं होतं, आणि मी त्याच्याकडे बघणं. कच्च्या रस्त्यावर खूप लांब धुळीचा एक लहानसा लोट उठला तो आधी त्या जतवाल्याला दिसला. त्याला धुळीची सवय होती. लोट मोठा झाला, त्याच्या पुढे एक पांढरी जीप दिसू लागली. कंट्रोलर दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

जीपमधून उतरला तो पस्तिशीचा माणूस, बापासारखाच उंच, बापासारखेच कान. शर्टावर सगळी लाल धूळ. तो जवळ आला, पण पाया पडायला वाकला नाही. "आण्णा," तो म्हणाला, "सकाळीच निघालो होतो. निम्म्या वाटेवरनं दोनदा माघारी वळलो." कंट्रोलर म्हणाले, "आसू दे. आलास न्हवं." मग म्हणाले, "तवा थांबाय पायजे हुतं रं मी. लोकं थांबत हुती, मीच थांबलो न्हाई. तुझी आई थांबली आसती."

संजय आणखी एक पाऊल पुढे आला. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. काकू पदराने डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले होते, आणि त्याचा मला मनस्वी राग येत होता.

कंट्रोलरांनी माझ्याकडे वळून सांगितलं की ते इथेच उतरताहेत. झालं. ग्रुपचं तिकीट, ग्रुपचं बुकिंग, सगळ्यांची जबाबदारी माझ्यावर, आणि हे वाळवंटाच्या मधोमध उतरणार. मी बरंच बोलले. हे नियमात बसत नाही, मालक मला काढून टाकतील, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार. संजय म्हणाला, "मॅडम, परतीच्या विमानाला मी स्वतः आणून सोडतो." कंट्रोलर म्हणाले, "तुमी निघा आता. प्याशिंजर खोळंबलंय." एवढं सगळं करून वर हे मलाच. मी ट्रेलर उघडून त्यांची बॅग काढली आणि जरा आपटूनच त्यांच्या पायाशी ठेवली.

सगळे चढले, मी शेवटी. केविनने गाडी हायवेवर घेतली. काकूंनी खिडकीतून हात हलवला, मग सगळ्यांनीच हलवला. उभ्या आयुष्यात हजारो गाड्या वाटेला लावणाऱ्या त्या माणसाने आमची गाडी सुटलेली पाहिलीसुद्धा नाही. मी मागच्या काचेतून बघत राहिले. बॅग मी टाकली होती तिथेच मातीत पडली होती, आणि कंट्रोलर आमच्याकडे पाठ करून पोराच्या शर्टावरची धूळ हाताने झटकत होते.