धनेशाच्या झाडाखालची ड्युटी

आमच्या भिलाईच्या हुडको कॉलनीत रिटायर झालेला माणूस काय करतो, ते मला विचारा. मंदिराच्या कमिटीत घुसतो, नाहीतर भय्याजीच्या चहाच्या टपरीवर बसून सरकार पाडतो. बळीराम भेंडारकरनं यातलं काहीच केलं नाही. तो केरळच्या जंगलात पाखरू पाहायला गेला, तेही बिनपगारी राबायला. टपरीला हसायला विषय मिळाला. "भेंडारकरजी चिड़िया के चौकीदार हो गए," भय्याजी म्हणाला, आणि ज्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्यासाठी काडी उचलली नाही, तेही हसले. माझं डोकं फिरलं. अर्धा चहा तिथंच ठेवून उठलो. हसणाऱ्यांना खरी गोष्ट माहीत नव्हती, म्हणून लिहितो.

बळीरामभाऊ आमगावकडचा. धानाची शेती भावानं सांभाळली, हा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर लागला. तिथली भट्टी कधी विझत नाही. म्हणून पहिला कायदा असा, की रिलीवर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सब नॉर्मल" म्हणायचं आणि गेटकडे निघायचं. दिवाळीला रिलीवर आला नाही तर भाऊची दिवाळी भट्टीवर. पोराच्या बारशाला आला नाही तर बारसं बापाशिवाय. राधाबाई, त्याची बायको, ते बारसं अजून काढते.

राधाबाईची ड्युटी घरातली. तिला रिलीवर कधीच आला नाही. रिटायर झालो की फिरून येऊ, असं भाऊ वर्षानुवर्षं म्हणत राहिला, आणि तो रिटायर होईतोवर तिचे गुडघे रिटायर झाले. आता पलंग ते व्हरांडा, व्हरांडा ते पलंग, एवढाच तिचा मुलूख.

आमगावच्या भावाची पोरगी उन्नती पक्ष्यांचा अभ्यास करते. तिनं एकदा फोन केला. धनेशाच्या घरट्यांवर नजर ठेवायला माणसं हवी होती, राहणं तंबूत, आणि मोठेबाबांसारखा, म्हणजे भाऊसारखा, एका जागी बसू शकणारा माणूस तिला दुसरा माहीत नव्हता. फोन स्पीकरवर होता. उन्नतीनं धनेशाची रीतही सांगितली. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते. अंडी आत, पिल्लू आत, पंखांची पिसंसुद्धा ती आतच गाळते. नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. असे महिने जातात. मग एक दिवस ती लिंपण फोडून बाहेर येते.

राधाबाई मेथी निवडत ऐकत होती. तिनं विचारलं, "बाहेर आल्यावर तिले लगेच उडता येते का वं? का बसून बसून विसरून जाते?"

उन्नती सांगायला लागली, तर राधाबाईनं भाऊकडे बोट करून तिला थांबवलं. "तू नोको सांगू. यायले पाहून येऊ दे. यायनं आजपावतो मले काही पाहून येऊन सांगितलं नाही."

बस्स. तेवढ्यासाठी गेला तो.

त्या जंगलात, भाऊ सांगतो, ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. सगळं ओलं. कपडे वाळत नाहीत, बिडी पेटत नाही, जळवा मोज्यातून शिरतात. कोक ओव्हनचा धूर बरा, म्हणे, तो रक्त तरी पीत नाही. उजाडताना झाडासमोर पानांच्या आडोशाला बसायचं. नर यायच्या आधी त्याचे पंख ऐकू येत, कोळशाची मालगाडी चढावर दम घेत यावी तसे. मग फटीतून पिवळी चोच बाहेर येई आणि एकेक उंबर घेऊन आत जाई. टेकडीवर चढलं की कधीमधी फोन लागायचा. राधाबाई विचारायची, निघाली का? हा म्हणायचा, नाही. "राहू दे मंग बिचारीले," ती म्हणायची, आणि फोन मात्र ठेवायची नाही.

एके दिवशी सकाळपासून ढोलीतून ठोकल्याचा आवाज येऊन राहिला होता. लिंपणाचे ढलपे खाली पडत होते. आज नाहीतर उद्या, उन्नती म्हणून गेली होती. भाऊची पापणी लवत नव्हती. दुपारी ढग सरले, वर ऊन पडलं, आणि झाडांवरचे किडे एकदम ओरडू लागले. तिकडे ते असेच ओरडतात. आधी बारीक, मग चढत चढत सगळं जंगल भरून टाकणारा एकच सूर. थेट कारखान्याचा भोंगा. दोनचा, पाळी सुटायचा. आणि नेमका त्याच वेळी कॅम्पचा स्वयंपाकी पायवाटेनं जेवणाचा डबा घेऊन आला.

भाऊ उठला. पिशवी झटकली. स्वयंपाक्याच्या खांद्यावर हात ठेवला, "सब नॉर्मल" म्हणाला आणि चालू पडला. स्वयंपाक्याला मल्याळमशिवाय काही येत नव्हतं. म्हातारा हात धुवायला ओढ्यावर चालला असेल असं त्याला वाटलं. डबा दगडावर ठेवून तो पुढच्या माणसाकडे गेला.

भाऊ बराच चालला. "गेट आलं नाही," त्यानं मला सांगितलं, "तवा समजलं."

धावत मागं आला तेव्हा लिंपण झाडाखाली पडलं होतं आणि ढोलीचं तोंड उघडं होतं. वर कुठंतरी पंख वाजत होते. एकाचे की दोघांचे, कळलं नाही.

उन्नती रागावली नाही. पिल्लू अजून आत आहे मोठेबाबा, काम संपलं नाही, एवढंच म्हणाली. तेच त्याला जास्त लागलं. भट्टीवर जागा सोडली असती तर निदान चार्जशीट मिळाली असती.

मला हे कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, उडाली म्हणून सांगून द्यायचं होतं, कोण तपासायला जाणार होतं? त्यानं असं पाहिलं, जणू मी त्याला रिलीवरशिवाय भट्टी सोडायला सांगितली होती. दुर्ग स्टेशनावर गाडीतून उतरून तो घरी आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच त्यानं राधाबाईला सांगून टाकलं होतं, "मी नाही पाह्यलं. भोंगा झाला असं वाटलं. उठून गेलो."

राधाबाईनं स्टुलावरचे पाय खाली घेतले.

"म्हणजे ती निंगाली तवा पाहाले कोणीच नोयतं?"

"नाही."

"एकटीच निंगाली मंग," ती म्हणाली. मग हळूच, स्वतःलाच विचारल्यासारखं, "उडाली असन का पण?"

पुढच्या हंगामाला उन्नतीनं पुन्हा बोलावलं. भाऊनं एकच चौकशी केली, त्या झाडापर्यंत चाकाची खुर्ची जाईल का. मधे ओढे आहेत, निसरडे दगड आहेत. जात नाही. मग भाऊ गेला नाही. फोन ठेवल्यावर मात्र तो कितीतरी वेळ बूट पुसत बसला होता, जंगलातले, ज्यांच्या शिवणीतून ती लाल माती अजून निघाली नाही.

परवा दुपारी त्याच्याकडे गेलो होतो. दोघं व्हरांड्यात, तिचे पाय स्टुलावर. प्लांटच्या बाजूनं दोनचा भोंगा वाजला. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला, हात पिशवी चाचपायला गेला. राधाबाईनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बसा," ती म्हणाली. "रिलीवर नाही आला तुमचा."

भाऊ बसला. समोर करंजाचं झाड आहे, म्युनिसिपालटीनं छाटलेलं. भोंगा थांबला तरी दोघं त्या झाडाकडे पाहत राहिले. सदऱ्याचं टोक तिनं सोडलं नव्हतं.